तळ्यातला गाळ, शेतातला गाळ

२०१८च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, डिचोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मी दोन तऱ्हेच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या. एका बाजूला बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणीवरच्या टेलिंग तळ्यातला, म्हणजे खनिज धुऊन उरलेला चिखल साठवायच्या तळ्यातला गाळ, साठेक किलो. दुसऱ्या बाजूला काकांच्या शेतात पावसाळ्यात येऊन बसलेला लाल थर, जेमतेम चार किलो. पहिला गाळ माझ्या बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी होता. दुसरा माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. काकांनी तो विळ्यानं खरवडून आणला आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. "तुमच्याकडे मशिनं आहेत ना बाय? मग हाही बघ. ह्यात काय आहे ते सांग."

आमच्या घरात खाणीबद्दल एक मत कधीच नव्हतं. बाबांचे दोन टिप्पर होते, दोन्ही कर्जावर. खाणीवरून जेट्टीपर्यंत खनिज न्यायचं, तिथून बार्जने ते मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायचं. तेजीच्या वर्षांत दिवसाला किती ट्रिपा झाल्या हाच जेवतानाचा विषय असे. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं, त्यातलं बहुतेक चीनला. माझी शाळेची फी, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन, घराचं नवं छप्पर हे सगळं त्या ट्रिपांवर झालं. आणि त्याच घरात काका होते, ज्यांचं भाताचं शेत खाणीच्या उतारावरून येणाऱ्या व्हाळाच्या काठी होतं. दर पावसाळ्यात व्हाळ लाल व्हायचा आणि बांध फोडून शेतात शिरायचा. दोघे भाऊ एकाच ओळीत जेवायला बसत आणि एकमेकांशी याबद्दल बोलत नसत.

मग १० सप्टेंबर २०१२ला राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मी तेव्हा दहावीत होते. अंगणात दोन टिप्पर उभे राहिले. २०१४च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पुढे काम सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं थांबलं. त्या वेळी मी नागपूरला खनिकर्म अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात होते. हा विषय मी का घेतला असं पुष्कळ जण विचारतात. आमच्याकडे ज्याच्यामुळे चूल पेटत होती आणि ज्याच्यामुळे शेत बसत होतं, ते नेमकं आहे काय, हे मला आतून बघायचं होतं.

प्रकल्प साधा होता. गोव्यातलं खनिज बरंचसं भुकटीच्या रूपात मिळतं. हेमॅटाइट आणि गोथाइट ही लोहाची खनिजं, आणि त्यांना चिकटलेली चिकणमाती. प्लांटमध्ये ते पाण्यानं धुतात, जड खनिज मागे राहतं आणि बारीक चिखल पाण्याबरोबर तळ्यात जातो. त्याला टेलिंग म्हणतात. त्यातल्या सगळ्यात बारीक भागाला स्लाइम. जुन्या तळ्यांमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या या चिखलात लोह भरपूर असतं, कारण जुन्या काळी निर्यातीला न चालणारं सगळं तिथेच जाई. ते लोह परत काढता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन दगडमाती उपसावी लागते, तिचे डोंगर वेगळे. गावात त्यांना 'रिजेक्शन' म्हणतात. ते मी माझ्या प्रकल्पात घेतले नव्हते.

परवानगीची पत्रापत्री दोन महिने चालली, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तळ्यावर मात्र पहिल्याच दिवशी शिकायला मिळालं. काठावरून बघितलं तर तळं म्हणजे भेगाळलेली लाल जमीन. त्यावर गवताची काडी नाही. मी पाय टाकणार तेवढ्यात तिथल्या राखणदारानं माझा दंड धरला. "वरून भाकरी, खाली दही आहे. फळ्या टाकून जा." आम्ही लांब फळ्या टाकल्या, कमरेला दोरी बांधली, आणि पीव्हीसीचा पाइप उभा दाबत दहा जागांवरून नमुने काढले. पाइप दीड हातापर्यंत जरा जोर लावून जाई आणि मग एकदम सैल होऊन आपोआप खाली उतरे.

दहा जागा कशासाठी, तर तळं सगळीकडे सारखं नसतं. जिथे प्लांटचा पाइप चिखल सोडत असे तिथला गाळ बोटांत चोळला की करकरतो, वाळू हाताला लागते. तिथून जसजसं दूर जाल तसतसा तो मऊ होत जातो, आणि पार टोकाला, जिथून पाणी सांडव्यावाटे बाहेर पडतं, तिथे तो लोण्यासारखा. बोटांवर लावला तर जाणवतही नाही, फक्त रंग राहतो, तोही दोन दिवस जात नाही. काकांनी आणलेला थर असाच होता. तेव्हा हे मी मनात नोंदवलं, पण त्याचा अर्थ कळायला अजून तीन महिने जायचे होते.

पिशव्या ट्रान्सपोर्टने नागपूरला गेल्या आणि तिथे माझी एक मोठी चूक उघडी पडली. मी पिशव्यांवर मार्करनं नावं लिहिली होती. ओल्या गाळाचं पाणी बाहेर झिरपलं, गोण्या प्रवासात एकमेकींवर घासल्या, आणि शाई पुसली गेली. मोठ्या पिशव्या ओळखू आल्या, पण तळ्याच्या टोकाच्या दोन लहान पिशव्या आणि काकांच्या शेताच्या दोन लहान पिशव्या अशा चार पिशव्या माझ्यापुढे होत्या, आणि कोणती कुठली हे मला सांगता येईना. रंग तोच, स्पर्श तोच. मी जमिनीवर बसून चारी पिशव्या उघडून हुंगल्या, बोटांनी चोळल्या. शेवटी दोन पिशव्यांतला गाळ पाण्यात कालवून चाळणीवर ओतला तेव्हा भाताच्या मुळांचे केसासारखे तंतू वर राहिले, आणि एक लहानशी शंखगोगलगाय. त्यावरून शेत ओळखू आलं. गाळावरून ओळखू आलं नाही.

प्रयोगशाळेत तीसएक वर्षं काम केलेले एक काकाजी होते. त्यांनी मला त्या दिवशी टिनाच्या लहान पट्ट्या दिल्या. "खिळ्यानं कोरायचं नाव, पोरी, न् पट्टी पिशवीच्या आत टाकायची. किंवा मग पेन्सिलीनं कागदावर लिहून त्याची वेगळी पुडी. शाईवर कधी भरोसा नाही ठेवायचा." ते मी आजतागायत पाळते.

पुढचे आठ दिवस गाळ वाळवण्यात गेले. वाळलेली ढेकळं लाकडी लाटण्यानं फोडायची, पण कण चिरडायचे नाहीत, फक्त सुटे करायचे. मग सगळा गाळ ताडपत्रीवर घेऊन त्याची रास करायची, खळ्यावर भाताची करतात तशीच, वरून मधोमध ओतत. रास चपटी करून तिचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे, आणि उरलेल्याची पुन्हा रास. साठ किलोचं दोनशे ग्रॅमपर्यंत असं उतरत यायचं, म्हणजे त्या मुठीत सगळ्या तळ्याचं प्रमाण आलं पाहिजे. कंटाळवाणं काम आहे. पण यात घाई केली तर पुढे कितीही महागडं यंत्र लावा, उत्तर चुकीचंच येणार. खनिज तपासणीतल्या मोठ्या चुका यंत्रात नसतात, राशीत असतात, असं मला अनुभवानं ठाम वाटतं.

नंतर चाळण्या. ७५ मायक्रॉन, ५३, ३८. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकीखाली एक ठेवून वरून पाण्याची बारीक धार सोडायची आणि खालचं पाणी नितळ येईपर्यंत धूत राहायचं. माझं पाणी नितळ येतच नव्हतं. तासभर झाला, बादल्या भरल्या, तरी लाल. काकाजी येऊन बघून गेले. "पाणी आपलं काम करते, तू धार कमी कर," एवढंच म्हणाले. सगळं झाल्यावर हिशेब केला तेव्हा तळ्याच्या एकत्रित नमुन्यातला चौऱ्याहत्तर टक्के भाग ३८ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली गेला होता. शेतातल्या थराचा नव्वद टक्क्यांहून जास्त.

लोह मोजायची जुनी पद्धत मी तिथेच शिकले. नमुना आम्लात विरघळवायचा, स्टॅनस क्लोराइडनं पिवळा रंग घालवायचा, मग पोटॅशियम डायक्रोमेटचा थेंब थेंब सोडत जायचं. हिरवट द्रावण एका थेंबाला गर्द जांभळं होतं. तो थेंब चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीत उरलेला स्टॅनस क्लोराइड मारायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, म्हणजे पारा. लोहाचा आकडा काढण्यासाठी आम्ही प्रत्येक वेळी थोडं पाऱ्याचं पाणी तयार करत होतो. आमच्या मॅडम त्याबाबतीत फार कडक होत्या. त्या पाण्याची बाटली वेगळी, तिची नोंदवही वेगळी, बेसिनमध्ये एक थेंब जाता कामा नये. आता बऱ्याच ठिकाणी टायटॅनियम क्लोराइडची बिनपाऱ्याची पद्धत आली आहे आणि ती सगळीकडे यायला हवी. पर्यावरणाचं पहिलं शिक्षण मला त्या बाटलीनं दिलं.

माझ्या तळ्याच्या नमुन्यात लोह निघालं ४८ टक्के. शुद्ध हेमॅटाइटमध्ये ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे टाकाऊ म्हणून फेकलेल्या चिखलात निम्मं लोहच होतं. मी तो आकडा वहीत लिहिला आणि बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं तळ्यात टाकलं?"

आता ते वेगळं काढायचं. पहिलं यंत्र हायड्रोसायक्लोन, फनेलसारखं. चिखलाचं पाणी दाबानं कडेनं आत सोडलं की ते गरगर फिरतं. जड नि मोठे कण भिंतीला लागून खालच्या तोंडानं बाहेर पडतात, हलके नि बारीक कण मधून वर उचलले जाऊन वरच्या नळीनं जातात. यात बघायची गोष्ट एकच, खालच्या तोंडातून पडणारी धार. ती उघड्या छत्रीसारखी पसरून पडत असेल तर यंत्र नीट चाललं आहे. ती दोरीसारखी पिळदार, सरळ पडायला लागली की समजावं, आत गर्दी झाली आणि जड कण वरच्या पाण्यात जायला लागले. मी तासन्‌तास त्या धारेपुढे उकिडवी बसून दाब कमी-जास्त करत असे. छत्री, दोरी, छत्री. हाताला त्याची सवय झाली की आवाजावरूनही कळतं.

दुसरं यंत्र मोठ्या ताकदीचं चुंबक. हेमॅटाइट साध्या लोहचुंबकाला चिकटत नाही, त्याला फार तीव्र क्षेत्र लागतं. पोलादी जाळीतून चिखल सोडायचा, वीज चालू असताना लोहाचे कण जाळीला धरून राहतात, माती वाहून जाते. वीज बंद करून जाळी धुतली की लोह हाती येतं. सांगायला सोपं आहे, पण कण फार बारीक झाला की चुंबकालाही तो सापडत नाही. चुंबकाची ओढ कणाच्या घनफळावर ठरते, तर वाहत्या पाण्याची ओढ त्याच्या रुंदीवर. कण दहापट लहान झाला तर चुंबकाची ओढ हजारपट कमी होते आणि पाण्याची फक्त दहापट. त्या लढतीत पाणी जिंकतं.

म्हणून तिसरा मार्ग स्टार्चचा. मक्याचं स्टार्च कॉस्टिक सोड्यात शिजवायचं. वास आणि दाटपणा अगदी सुती लुगड्याला घालायच्या खळीसारखा, आजीची आठवण यायची. हे स्टार्च लोहाच्या कणांना धरतं, त्यांचे गठ्ठे करतं, आणि चिकणमाती पाण्यात तरंगत ठेवता आली तर लोह तेवढं खाली बसतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या टिल्डन खाणीत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवली गेली आहे. माझ्या हातात ती कधी चालली, कधी नाही. पाण्यातल्या क्षारांनी बिघडे, आणि आदल्या दिवशीचं स्टार्च तर साफ निकामी. रोज सकाळी ताजं शिजवायला लागायचं.

याच काळात, २५ जानेवारी २०१९ला, ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योच्या लोहखाणीचा टेलिंग बांध फुटला. २७० माणसं गेली. पुष्कळ जण खाणीतच काम करणारे होते आणि बांधाच्या खाली असलेल्या उपाहारगृहात जेवत होते. त्याच राज्यात, ५ नोव्हेंबर २०१५ला, मारियानाजवळचा फुंदाओ बांध फुटून १९ जण गेले होते आणि चिखल दोसी नदीतून सहाशे किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळाला होता. ब्रुमाडिन्योचा व्हिडिओ काही दिवसांनी आला. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सहा-सात जणींनी तो एकाच फोनवर पाहिला. हिरवा, गवत उगवलेला उतार. आणि क्षणात तो उतार पातळ होतो. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर उभं राहून पाय हलवत राहिलं की वाळू कशी एकदम सैल होते, तसं, पण अख्खा डोंगर. त्या तळ्यात नवा गाळ टाकणं काही वर्षांपूर्वीच थांबलं होतं. मला राखणदाराचा हात दंडावर आठवला. वरून भाकरी, खाली दही. आमच्याकडची तळी त्या मानानं लहान आहेत, पण बंद तळं म्हणजे संपलेलं तळं नव्हे, हे त्या रात्री माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मार्चमध्ये माझे आकडे जमले. शंभर किलो गाळामागे ४८ किलो माल मिळाला, त्यात लोह ६१ टक्के. उरलेल्या ५२ किलोत ३६ टक्के. म्हणजे गाळात मुळात असलेल्या ४८ किलो लोहापैकी २९ किलो हाती आलं आणि १९ किलो पुन्हा टेलिंगमध्ये गेलं. बी.टेक.च्या मानानं निकाल चांगला होता. मॅडम खूश होत्या. तक्त्यात शेवटचा रकाना 'टेलिंग' असा होता आणि सगळे त्याच्या आधीच्या रकान्यापर्यंतच वाचत होते.

मी त्या शेवटच्या रकान्यातला चिखल फेकला नव्हता. एक लिटरच्या उंच मोजपात्रात मूळ तळ्याचा चिखल घेतला, शेजारच्यात माझ्या प्रयोगातून उरलेला, घनता सारखी ठेवून. दोन्ही तीनदा उलटसुलट करून टेबलावर ठेवले आणि घड्याळ लावलं. मूळ चिखलात थोड्याच मिनिटांत तळाशी थर दिसायला लागला. माझ्या चिखलात काहीच हललं नाही. संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून आत गेले तेव्हाही ते पात्र वरपासून खालपर्यंत लाल होतं.

कारण पाठ्यपुस्तकातलंच आहे. पाण्यात कण किती वेगानं बसणार हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ७५ मायक्रॉनचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला साडेतीन मिनिटं घेतो. २ मायक्रॉनचा मातीचा कण तेच अंतर उतरायला तीन दिवसांहून जास्त. आणि तळ्यातलं पाणी स्थिर नसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्याकडे, तोही चार महिन्यांत. पाणी सांडव्यावरून जाणार आणि तो कण घेऊन जाणार. मी माझ्या प्रयोगात जे जड, जे मोठं, जे लवकर बसणारं, ते सगळं लोह म्हणून काढून घेतलं होतं. मागे राहिलं ते वजनानं निम्मं, पण सगळ्यात नाठाळ. आमच्या क्षेत्रात जुन्या टेलिंगमधून लोह काढण्याला 'कचऱ्यातून संपत्ती' म्हणतात. संपत्ती मिळते, हे मी स्वतः मोजलं आहे. पण कचरा मिटत नाही. तो अधिक बारीक होतो. आणि हीच गोष्ट प्रकल्प अहवालांत सगळ्यात कमी जागा घेते, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

काकांच्या थराचं काम मी त्याच आठवड्यात केलं. लोह तळ्याच्या टोकाच्या गाळापेक्षा जरा कमी, सेंद्रिय भाग जरा जास्त, बाकी कणांचा आकार जवळजवळ तोच. पिशव्या मला का ओळखू आल्या नव्हत्या ते आता कळलं. एकट्या एका शेताच्या चार किलोवरून कोर्टात उभं राहावं असा हा पुरावा नव्हे, तो थर नेमका कुठल्या तळ्यातून आला हेही त्यावरून सांगता येत नाही. पण मला स्वतःपुरतं उत्तर मिळालं. तक्त्यातला शेवटचा रकाना कुठे जातो ते मी लहानपणापासून पाहत होते.

मी मॅडमना म्हटलं, मला आणखी एक प्रकरण लिहायचं आहे, हा उरलेला चिखल कसा बसवायचा यावर. त्या म्हणाल्या, शीर्षकात ते नाही. मी दोन्ही पात्रं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस आहेत तुझ्याकडे."

त्या पंधरा दिवसांत मी फ्लॉक्युलंट शिकले. लांब साखळीचं पॉलिमर, कण एकमेकांना बांधणारं. त्याचं अगदी पातळ द्रावण करायचं, हलक्या हातानं ढवळायचं, जोरात ढवळलं तर साखळ्याच तुटतात. योग्य मात्रा पडली की चमत्कार वाटावा असं होतं. लाल पाण्यात फुटलेल्या दुधासारखे गोळे दिसतात, सरसर खाली जातात आणि वर स्वच्छ पाणी. पण मात्रा जास्त झाली की वरचं पाणी चिकट राहतं आणि खाली बसलेला गाळ फुगीर, पाणी धरून ठेवणारा. शिवाय गाळ खाली बसला म्हणजे काम संपलं असंही नाही. त्यातलं पाणी दाबून काढून कोरडी वडी केली, तर ती रचून ठेवता येते आणि बांध फुटण्याची भीती उरत नाही. त्याला दाबगाळणी लागते, वीज लागते, पावसात झाकण आणि भोवती चर लागतात. खर्च येतो. तो खर्च लोहाच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरायला हवा, असं मी त्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलं. तोंडी परीक्षेत त्या प्रकरणावर एकही प्रश्न आला नाही.

मे महिन्यात घरी गेले. जेवणं झाल्यावर पडवीत वही उघडून दोघांना सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत. बाबांनी विचारलं, "म्हणजे नवीन खणायला नको, तळ्यांतलंच काढून धंदा चालू शकतो?" काकांनी विचारलं, "म्हणजे ते पुन्हा ढवळणार?" दोन्ही प्रश्न बरोबर होते. मी दोघांनाही हो म्हटलं. कितीतरी वर्षांनी ते दोघे त्या रात्री याच विषयावर बोलत बसले, आवाज न चढवता, मी झोपायला गेले तरी.

काकांना मात्र शेताचं उत्तर हवं होतं. तो थर वाळला की जमिनीवर पापुद्र्यासारखा बसतो, पाणी खाली मुरू देत नाही, आणि रोप पिवळं पडतं. त्याला औषध नाही. नांगरणीआधी फावड्यानं खरवडून बाहेर काढायचा, एवढंच. नांगरून मातीत मिसळला तर तो कायमचा. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून अर्धं शेत खरवडलं. बाबांनी टिप्परने तो गाळ उचलला. त्या टिप्परचं ते कितीतरी महिन्यांनी पहिलं काम.

२०२२च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४मध्ये डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झालं. बाबांचा एकच टिप्पर उरला आहे, तोही जुना. मी आता प्लांटच्या आराखड्यांवर काम करते, आणि माझ्याकडे टेलिंगची बाजू आहे. ती मी मागून घेतली. आराखडा हाती आला की मी तक्ता शेवटच्या रकान्यापासून वाचायला घेते. किती टन, किती बारीक, पावसाळ्यात पाणी कुठून बाहेर पडणार, आणि त्या वाटेवर खाली कुणाचं काय आहे.

घरी माझ्या खोलीच्या खिडकीत काचेच्या बाटल्यांची रांग आहे. दर वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की काका व्हाळाचं पाणी एका बाटलीत भरून तिथे ठेवतात. मी त्यांना तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या चतुर्थीला गेले तेव्हा नवी बाटली रांगेत होती. झाकण उघडून पाहिलं तर आत, तोंडाशी अडकवलेल्या लहानशा प्लास्टिकच्या पुडीत, कागदाची चिठ्ठी होती. तारीख, वेळ, आणि 'बांधाच्या वरच्या अंगाला', सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं.